सांडपाण्यांत हवा खेळविण्याचें शास्त्र व शेतकऱ्याचा हितसंबंध

गोदावरीच्या कांठीं ज्यांची जमीन आहे त्या नांदेड जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस, व मांजरेच्या खोऱ्यांत ज्यांचा ऊस उभा आहे त्या लातूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस एक प्रश्न अलीकडे वारंवार पडतो. शहराचें अगर कारखान्याचें वापरलेलें पाणी शेतास द्यावें कीं न द्यावें? एका बाजूस विहिरी आटलेल्या असतात व हें पाणी बारमाही वाहत असतें. दुसऱ्या बाजूस त्याची दुर्गंधि, त्याचा काळा रंग व त्यानें बिघडलेल्या विहिरी डोळ्यांपुढें असतात. पाणी शुद्ध केलेलें आहे, एवढ्या शब्दावर विसंबणारा पुष्कळदां फसतो. आणि गटाराचें पाणी म्हणून सरसकट नाकारणारा दाराशीं आलेलें पाणी व खत दोन्ही दवडतो. यासाठीं पाणी शुद्ध होतें म्हणजे काय होतें, तें काम कोण करतें व त्यांत हवेचा वाटा कोणता, हें शेतकऱ्यानें स्वतः समजून घेतलें पाहिजे. प्रस्तुत लेखांत आम्ही हाच विषय घेतला आहे.

१. घाण नाहींशी कशी होते

शेतांत टाकलेलें शेणखत कांहीं महिन्यांत दिसेनासें होतें, हें आपण नित्य पाहतों. तें कोठें जातें? मातींतील डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जंतु तें खातात. सांडपाण्यांतील घाण म्हणजे बहुतांशीं असेंच खाद्य होय: अन्नाचे अंश, मलमूत्र, तेल, साखर, पिष्ट. जंतूंस हवा मिळाली तर ते ह्या खाद्याचा कांहीं भाग प्राणवायूच्या साह्यानें जाळून आपल्या जीवनास लागणारी शक्ति मिळवितात. त्या भागाचा कर्बवायु व पाणी होतें. उरलेल्या भागापासून ते आपलीं शरीरें वाढवितात व एकाचे अनेक होतात. म्हणजे पाण्यांत विरघळलेली, एरवीं कधींहि न निवळणारी घाण जंतूंच्या शरीरांत शिरते, आणि जंतूंचे पुंजके बांधले जाऊन ते तळाशीं बसतात. पाणी निवळतें तें अशा रीतीनें.

हवा मिळाली नाहीं तर हवेवांचून जगणारे दुसरे जंतु पुढें येतात. ते सावकाश व अर्धवट काम करतात, आणि गंधकाच्या संयुगांपासून सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायु सोडतात. हा वायु पाण्यांतील लोहाशीं मिळाला म्हणजे काळा रंग येतो. नाल्याचें पाणी काळें दिसलें व त्यास असा वास आला कीं तेथील प्राणवायु संपला आहे असें समजावें. ह्या जंतूंचाहि उपयोग आहे. गोबर गॅसच्या टाकींत असेच जंतु जळाऊ वायु तयार करतात. परंतु तेथें ते बंद टाकींत कोंडलेले असतात. नदींत त्यांचें राज्य झालें तर मासे गुदमरून मरतात आणि कांठच्या विहिरींचें पाणी पिण्याच्या लायकीचें राहत नाहीं.

कंपोस्टाच्या ढिगावरून हा फरक सहज ध्यानांत येईल. इंदूर येथें अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं खताची जी पद्धति बसविली व १९३१ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली, तींत ढीग ओलसर ठेवणें व ठराविक दिवसांनीं तो उलटणें ह्या दोन गोष्टींवर मोठा भर आहे. उलटलेला ढीग तापतो, त्याचा दर्प जातो व तीन महिन्यांत काळसर भुसभुशीत खत होतें. तोच ढीग पावसाच्या पाण्यानें दडपला गेला तर कुजकट व चिकट होतो. ढीग उलटणें आणि हौदांतील पाणी घुसळणें हीं तत्त्वतः एकच कामें होत.

२. पाण्यांत हवा किती मावते

एक लिटर हवेंत सुमारें पावणेतीनशें मिलिग्रॅम प्राणवायु असतो. परंतु एक लिटर पाणी हवेनें पूर्ण तृप्त झालें तरी त्यांत २० अंश सेल्सिअस उष्णतेस सुमारें ९ मिलिग्रॅम, ३० अंशास सुमारें साडेसात व ३५ अंशास सुमारें ७ मिलिग्रॅमच प्राणवायु मावतो. उलट, पाणी जसें तापतें तशी जंतूंची भूक वाढते. म्हणून चैत्र-वैशाखांत, नदीचा सांठा कमी व ऊन फार अशा वेळीं, मासे मरण्याचे प्रकार अधिक घडतात. खर्च वाढतो त्याच वेळीं पुंजी आटते, असा हा प्रकार आहे.

पाण्यांत घाण किती आहे हें मोजण्याची रीतहि ह्यावरूनच निघाली. ती घाण खाऊन टाकण्यास जंतूंस जितका प्राणवायु लागेल तितका त्या पाण्याचा दोष समजावयाचा. ह्यास जैविक प्राणवायूची मागणी किंवा इंग्रजी आद्याक्षरांवरून बी.ओ.डी. म्हणतात. शहराच्या सांडपाण्याची ही मागणी सामान्यतः लिटरमागें २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. मागणी २५० धरली व स्वच्छ पाण्यांत साडेसात मिलिग्रॅम प्राणवायु धरला, तर एक लिटर सांडपाणी सुमारें तेहतीस लिटर स्वच्छ पाण्यांतील सर्व प्राणवायु खाऊन टाकतें. आपल्या कायद्याच्या नियमांप्रमाणें नदींत सोडावयाच्या पाण्याची मागणी सामान्यतः ३० च्या आंत व शेतीस द्यावयाच्या पाण्याची १०० च्या आंत असावी लागते. हे दोन आंकडे शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत.

वाहती नदी खडकांवरून उड्या घेत जाते तेव्हां ती स्वतःच हवा घेते व कांहीं कोसांत निवळते. संथ पाण्यांत ही क्रिया मंद होते. नांदेडच्या खालच्या अंगास धर्माबाद तालुक्यांतील बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ सालच्या निर्णयाप्रमाणें १ जुलै ते २८ ऑक्टोबरपर्यंत उघडे राहतात व नंतर पाणी अडतें. अडविलेलें पाणी शेतीस अवश्य हवें आहे. परंतु संथ पाण्यास हवा कमी मिळते, म्हणून त्यांत येणारी घाण आधींच कमी केली पाहिजे हें उघड आहे.

३. शोधाचा इतिहास

सांडपाण्यांत हवा सोडून पाहण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकापासून होत होते; पण फळ यावें तसें येईना. १९१२ सालीं मँचेस्टरचे रसायनज्ञ गिल्बर्ट फौलर अमेरिकेंतील लॉरेन्स येथील प्रयोगशाळा पाहून परतले. त्यांच्या सूचनेवरून एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांनीं मँचेस्टरजवळ डेव्हीहुल्म येथें प्रयोग आरंभिले. त्यांनीं बाटल्यांत सांडपाणी घेऊन त्यांत हवा सोडली. पहिल्या खेपेस पाणी पूर्ण शुद्ध होण्यास सुमारें पांच आठवडे लागले. इतर प्रयोगकर्ते येथें बाटली धुवून टाकीत. ह्या दोघांनीं वरचें निवळ पाणी ओतून घेतलें, तळचा गाळ तसाच ठेवला व त्यावर नवें सांडपाणी घातलें. दुसऱ्या खेपेस वेळ कमी लागला, तिसऱ्या खेपेस आणखी कमी. अखेरीस कित्येक आठवड्यांचें काम कांहीं तासांत होऊं लागलें. हा वृत्तांत त्यांनीं ३ एप्रिल १९१४ रोजीं मँचेस्टर येथें शास्त्रज्ञांपुढें वाचला. पुढें फौलर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत अध्यापक म्हणून आले व ह्या विद्येचा परिचय आपल्या देशांतील विद्यार्थ्यांस झाला.

ह्या शोधांतील मर्म घरांतल्या गृहिणीस आधींपासून ठाऊक आहे. नुसतें दूध ठेवलें तर तें केव्हां व कसें नासेल ह्याचा नेम नसतो. चमचाभर विरजण घातलें तर रात्रींत दहीं होतें. तळचा गाळ म्हणजे सांडपाण्याचें विरजण होय. त्यास आम्ही ह्या लेखांत जिवंत गाळ म्हणूं.

४. हौदांतील व्यवस्था

शहराचें पाणी प्रथम जाळींतून गाळतात, मग वाळू खालीं बसवितात, व कांहीं ठिकाणीं जड घाण निवळण्यास एका टाकींत थोडा वेळ ठेवतात. त्यानंतर पाणी हवेच्या हौदांत येतें. तेथें हवा दोन प्रकारांनीं देतात. एका प्रकारांत यंत्रानें दाबलेली हवा हौदाच्या तळाशीं बसविलेल्या सच्छिद्र चकत्यांतून बारीक बुडबुड्यांच्या रूपानें सोडतात. बुडबुडा जितका लहान तितका त्याचा पाण्याशीं संबंध अधिक. दुसऱ्या प्रकारांत पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा फिरवून पाणी उडवितात. उडालेले थेंब हवा घेऊन परत पडतात. दोहोंचा हेतु दुहेरी असतो: प्राणवायु पुरविणें व गाळ तळाशीं न बसूं देतां पाण्यांत खेळता ठेवणें.

हौदांत लिटरमागें सामान्यतः २ ते ४ ग्रॅम जिवंत गाळ व सुमारें २ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायु ठेवतात. शहरी पाणी तेथें बहुधा चार ते आठ तास राहतें. सूक्ष्मदर्शकांतून पाहिलें तर गाळाच्या पुंजक्यांत असंख्य जंतु व त्यांच्या भोंवतीं देठावर डोलणारे घंटेच्या आकाराचे सूक्ष्म प्राणी दिसतात. हे प्राणी सुटे जंतु खाऊन पाणी आणखी निर्मळ करतात. ते दिसले म्हणजे हौदाची प्रकृति चांगली आहे असें जाणकार मानतात.

हौदांतून पाणी निवळणीच्या टाकींत जातें. गाळ खालीं बसतो, निवळ पाणी वरून वाहून जातें. बसलेल्या गाळाचा मोठा भाग विरजण म्हणून हौदांत परत नेतात व वाढलेला भाग बाहेर काढतात. गाळ परत न नेला तर हौद दुबळा होतो. जास्त झालेला न काढला तर तो निवळ पाण्याबरोबर वाहून जातो. गुरांचा कळप कुरणाच्या मानानें ठेवावा लागतो, त्यांतलाच हा प्रकार आहे.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घाण भरपूर असतांना चालू हौदांतील विरघळलेला प्राणवायु, पंखे थांबल्यास, कांहीं मिनिटांत संपतो. थोडा वेळ वीज गेली तर जंतु तग धरतात. परंतु बराच काळ हवा बंद राहिली तर गाळ काळा पडतो, कुजतो, वायूच्या बुडबुड्यांनीं फुगून वर तरंगतो व घाणीसह बाहेर पडतो. म्हणून जें शुद्धीकरण-केंद्र विजेचें देणें वांचविण्यासाठीं रात्रीं पंखे बंद ठेवतें, तें कागदावर चालू असलें तरी वस्तुतः बंदच आहे असें समजावें.

५. नत्राची गोष्ट

जमिनींत अमोनियाच्या रूपांतील नत्राचें नायट्रेट करणारे जंतु असतात व त्यांस हवा लागते, हें आपण जाणतों. पाणी सांचलेल्या काळ्या जमिनींत पीक पिवळें पडतें. मुळांस हवा न मिळणें हें त्याचें मुख्य कारण, आणि ह्या जंतूंचें काम थांबणें हें त्यांतलेंच एक. हौदांतहि हेच जंतु असतात. ते फार सावकाश वाढतात व त्यांस हवा पुष्कळ लागते: एक किलो अमोनिया-नत्राचें नायट्रेट करण्यास सुमारें साडेचार किलो प्राणवायु खर्च होतो. अमोनिया माशांस घातक असल्यामुळें नदींत सोडावयाच्या पाण्यांत हें काम झालेलें असावें हें उत्तम. शेतीस द्यावयाच्या पाण्यांत नत्र कोणत्याहि रूपांत असला तरी पिकाच्या उपयोगीं पडतो. मात्र नायट्रेट पाण्याबरोबर खोल झिरपतें, यासाठीं हलक्या जमिनींत पाणी बेतानें द्यावें.

६. नांदेड व लातूर येथील स्थिति

विष्णुपुरी प्रकल्पाच्या जलाशयांतून नांदेड शहर पाणी घेतें व वापरलेलें पाणी पुन्हां गोदावरीच्याच खोऱ्यांत येतें. २००८ सालीं गुरुता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या सुमारास, केंद्र सरकारच्या नागरी पुनरुत्थान योजनेच्या साह्यानें, शहरांत रस्ते, पाणी व मलनिःसारण यांचीं मोठीं कामें झालीं. बोंढार येथें सांडपाणी शुद्धीकरणाचें केंद्र आहे. तथापि नाल्यांचें पाणी नदींत उतरतें ही नदीकांठच्या लोकांची तक्रार वारंवार ऐकूं येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं देशांतील प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी केली तींत ३५१ पट्टे होते. त्यांपैकीं ५३ एकट्या महाराष्ट्रांतील असून गोदावरीचा त्यांत समावेश होता.

लातूरची कथा पाण्याच्या अभावाची आहे. धनेगांवचें मांजरा धरण कोरडें पडल्यामुळें २०१६ सालच्या एप्रिल महिन्यांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. १२ एप्रिलला पोहोंचलेल्या पहिल्या गाडींत दहा वाघिणींतून सुमारें ५ लक्ष लिटर पाणी होतें. ज्यांनीं तो उन्हाळा पाहिला त्यांस पाण्याच्या थेंबाची किंमत सांगणें नको.

आतां एक हिशेब करूं. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें लातूर शहराची वस्ती सुमारें ३ लक्ष ८० हजार होती. बऱ्या वर्षीं माणशीं दररोज १०० लिटर पाणी मिळतें व त्यांतील ८० लिटर सांडपाणी होतें असें धरलें, तर दिवसास ३ कोटि लिटरांहून अधिक सांडपाणी निघेल. म्हणजे त्या पहिल्या गाडीच्या साठ गाड्या, दररोज. नांदेडच्या साडेपांच लक्ष वस्तीस हाच नियम लावला तर ४ कोटि ४० लक्ष लिटर होतात. एका एकरास तीन इंच पाण्याची पाळी देण्यास सुमारें ३ लक्ष लिटर लागतात. त्या मानानें लातूरच्या सांडपाण्यांत दररोज शंभर एकरांची व नांदेडच्या सांडपाण्यांत सुमारें एकशेंचाळीस एकरांची पाळी आहे. मांजरा नदी शेवटीं कुंडलवाडीच्या बाजूस गोदावरीस मिळते. तेव्हां एका जिल्ह्यानें केलेली निष्काळजी दुसऱ्याच्या हद्दींत पोहोंचते, हेंहि विसरतां कामा नये.

७. साखर कारखान्याचें पाणी

शहराच्या कारभारावर आपला अधिकार थोडा. परंतु सहकारी साखर कारखान्याचे सभासद आपणच आहोंत. तेथील पाण्यांत साखरेचा अंश असल्यामुळें त्याची प्राणवायूची मागणी शहरी पाण्याच्या कित्येक पट, लिटरमागें हजार मिलिग्रॅम व त्याहून अधिक, असूं शकते. समजा, रोज २५०० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यांतून टनामागें २०० लिटर पाणी बाहेर पडलें व त्याची मागणी १२०० असली, तर दिवसाची मागणी ६०० किलो होते. माणशीं ४५ ग्रॅम धरल्यास ही सुमारें तेरा हजार वस्तीच्या गांवाइतकी घाण होय. मद्यार्काच्या आसवनींतून निघणारें पाणी ह्याहून फारच तीव्र असतें. त्याची मागणी चाळीस हजारांच्या वर जाते. तें प्रथम बंद टाकींत वायुविरहित जंतूंकडून कुजवून गॅस काढून घ्यावा लागतो. एकदम हवेच्या हौदांत घेणें परवडत नाहीं.

साखरेच्या पाण्यांत जंतूंस शक्ति देणारें अन्न भरपूर, पण शरीर बांधण्यास लागणारे नत्र व स्फुरद फारच कमी असतात. नुसत्या गुळावर बैल पोसत नाहीं. मागणीचे १०० भाग असतील तर नत्र ५ व स्फुरद १ भाग असावा असा नियम आहे. वरील कारखान्यास, पाण्यांत हीं द्रव्यें मुळींच नाहींत असें धरल्यास, रोज सुमारें सव्वा पोतें युरिया व अर्ध्या पोत्याहून थोडें अधिक डी.ए.पी. घालावें लागेल. हें न केल्यास तंतूसारखे जंतु माजतात, गाळ कापसासारखा फुगतो व निवळत नाहीं.

दुसरी अडचण हंगामाची. गाळप बंद असतांना हौदांतील जंतु उपाशी मरतात. म्हणून हंगामाच्या आधीं दोन-तीन आठवडे हौदांत शेणाचें पाणी, अगर दुसऱ्या चालू केंद्रांतील जिवंत गाळ, थोडी मळी व युरिया घालून हवा सुरू करावी व विरजण तयार करून ठेवावें. गाळपाच्या पहिल्या दिवशीं पंखे सुरू करणारा कारखाना पहिले कित्येक दिवस घाणच बाहेर सोडतो.

आमच्या पाहण्यांतील एका कारखान्यांत, त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, रात्रीं पंखे बंद ठेवण्याचा प्रघात पडला होता. पौषांत हौद काळा झाला, माघांत नाल्यास वास सुटला आणि होळीच्या सुमारास नाल्याकांठच्या तीन विहिरींचें पाणी गुरें तोंडांत घेईनात. त्या विहिरींचे तिघेहि मालक त्याच कारखान्याचे सभासद होते. वार्षिक सभेंत उसाच्या भावावर दोन तास चर्चा झाली. पाण्याविषयीं एकानेंहि प्रश्न विचारला नाहीं. आम्हीहि त्या सभेंत होतों व आम्हीहि बोललों नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे. वरील मापाच्या कारखान्यास हवा देण्यास दररोज सुमारें ६०० युनिट वीज लागेल. तिचा खर्च टनावारीं वांटला तर तो क्षुल्लक आहे. बिघडलेल्या विहिरीचें नुकसान तसें नाहीं.

८. असें पाणी शेतास देतांना

नीट शुद्ध केलेल्या शहरी पाण्यांत लिटरमागें ३० मिलिग्रॅम नत्र उरला असें धरलें, तर एकरीं तीन इंचांच्या एका पाळींतून सुमारें ९ किलो नत्र मिळतो, म्हणजे ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यांतील नत्राच्या अर्ध्याहून किंचित् कमी. सहा पाळ्यांत ५५ किलो झाला. म्हणून असें पाणी घेणाऱ्यानें वरखत त्या मानानें कमी केलें पाहिजे. तसें न केल्यास पीक माजतें व लोळतें. उसांत उशीरां मिळालेल्या नत्रानें साखरेचा उतारा घटतो. पक्वतेच्या काळांत शक्य तर विहिरीचें पाणी द्यावें.

हवेनें काय होत नाहीं, तेंहि जाणून घ्यावें. पाण्यांतील क्षार हवेनें जात नाहींत. आपल्या भारी काळ्या जमिनींत निचरा मुळांतच मंद असतो. सोडियमयुक्त पाणी वर्षानुवर्षें दिल्यास जमीन चोपण होते. यासाठीं पाणी सुरू करण्यापूर्वीं व नंतर प्रतिवर्षीं माती व पाणी यांची परीक्षा कृषि विद्यापीठाच्या किंवा सरकारी प्रयोगशाळेंत करवून घ्यावी, व शेतास चर काढून ठेवावे. धातूंचीं विषें असलेलें कारखान्याचें पाणी तर मुळींच घेऊं नये. तसेंच रोगजंतु व जंतांचीं अंडीं ह्या क्रियेनें पुष्कळ कमी होतात, पण निःशेष होत नाहींत. म्हणून कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी अशीं कच्चीं खाण्याचीं पिकें ह्या पाण्यावर करूं नयेत. ऊस, कापूस, चाऱ्याचीं पिकें, झाडें यांस तें सरींतून द्यावें; तुषार सिंचनानें देऊं नये. पाणी देणाऱ्या गड्यास पायांत बूट द्यावे व काम झाल्यावर साबणानें हातपाय धुण्याची सोय करावी. गडी अनवाणी चिखलांत उभा करून मालकानें बांधावरून स्वच्छतेच्या गोष्टी सांगणें शोभत नाहीं.

९. पाणी पारखण्याच्या सोप्या रीती

प्रयोगशाळेची परीक्षा हीच खरी. परंतु पुढील पारख कोणासहि करतां येईल.

(१) हौदावर उभें राहून वास घ्यावा. निरोगी हौदास पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. सडक्या अंड्याचा वास आल्यास हवा अपुरी आहे.

(२) रंग पाहावा. जिवंत गाळ तपकिरी असतो. काळा गाळ गुदमरलेला असतो.

(३) हौदांतील पाणी एका लिटरच्या उभ्या कांचेच्या भांड्यांत घेऊन अर्धा तास हलवूं नये. गाळ सुमारें पाव भागांत बसून वर निवळ पाणी दिसलें तर ठीक. गाळ बसतच नसेल तर तो फुगलेला आहे.

(४) बाहेर पडणारें शुद्ध पाणी कांचेच्या बाटलींत कांठोकांठ भरून त्यांत मिथिलिन ब्ल्यू ह्या निळ्या रंगाच्या पातळ द्रावणाचे दोन-चार थेंब घालावे, बूच घट्ट लावावें व बाटली अंधारांत ठेवावी. पाण्यांत घाण उरली असेल तर जंतु आंतील प्राणवायु संपवितात व निळा रंग उडतो. पांच दिवस रंग टिकला तर पाणी कुजण्याजोगें राहिलें नाहीं. ही जुनी व विश्वासू रीत आहे. शाळेच्या प्रयोगशाळेंतून हा रंग मिळूं शकेल.

(५) केंद्राचें विजेचें मासिक देयक पाहण्यास मागावें. पंखे खरोखर किती फिरले याची त्याहून प्रामाणिक साक्ष नाहीं.

१०. लहान गांवांसाठीं

हजार वस्तीच्या गांवास यंत्राचा हौद केला तर केवळ हवेसाठीं दिवसास सुमारें ४० ते ५० युनिट वीज लागेल, व ती रात्रंदिवस मिळाली पाहिजे. जेथें जागा आहे तेथें उथळ तळें हा सोपा मार्ग होय. तीन ते पांच फूट खोल तळ्यांत शेवाळ वाढतें. सूर्यप्रकाशांत तें प्राणवायु सोडतें व जंतु तो घेतात. शेवाळच पंख्याचें काम करतें व त्यास विजेचें देयक येत नाहीं. आपल्या अक्षांशावर हेक्टरीं दिवसास सुमारें २५० किलो मागणी असें तळें सोसतें. हजार माणसांची मागणी ४५ किलो. त्यास सुमारें १८ गुंठे जागा पुरे. तळें वस्तीपासून व पिण्याच्या विहिरींपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूस असावें. तळ चिकण मातीनें धुमसून घ्यावा व कांठचें गवत काढीत राहावें, म्हणजे डांस वाढत नाहींत.

सारांश

सांडपाणी शुद्ध करणारे खरे कामकरी सूक्ष्म जंतु होत. हवा, बेताचें अन्न व विरजणासाठीं परत आणलेला गाळ, एवढ्या तीन गोष्टी त्यांस अखंड मिळाल्या पाहिजेत. यंत्रें मोठीं कीं लहान हा प्रश्न दुय्यम आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पाणी थोडें व उन्हाळा कडक असल्यामुळें एकदां वापरलेलें पाणी फेंकून देण्याची चैन आपणांस परवडणारी नाहीं. आणि तें न पारखतां शेतांत घेण्याची चूकहि परवडणारी नाहीं. पुढील वार्षिक सभेस जातांना प्रत्येक सभासदानें उसाच्या भावाच्या प्रश्नाबरोबर आणखी तीन प्रश्न लिहून न्यावेत: पंखे रात्रीं चालतात काय, गाळ परत नेतात काय, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याची गेल्या महिन्याची परीक्षा कोणती? मागील सभेंत आम्ही गप्प बसलों. ह्या खेपेस हे प्रश्न विचारण्याचा आमचा निश्चय आहे, आणि वाचकबंधूंनींहि आपापल्या ठिकाणीं तसेंच करावें अशी आमची विनंति आहे.